शेडमध्ये आवाज, घरात चित्र

लग्न होऊन मी मखमलाबादला आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या सासरी रोज दुपारी चार वाजता एक पेच पडत होता. आमचा फुलांचा मळा. सकाळी तोडलेली शेवंती, झेंडू, अष्टर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या गोणपाटावर पडलेली असायची आणि सहाचा टेम्पो गाठायचा तर चारपासून माळा ओवायला बसावंच लागे. नेमकी त्याच वेळी टीव्हीवर आदल्या रात्रीची मालिका पुन्हा दाखवत. रात्री बायका भाकऱ्या थापत असायच्या आणि टीव्ही बातम्यांसाठी पुरुषांच्या ताब्यात असायचा. त्यामुळे बायकांची मालिका ती चारचीच.

ओवायला सासूबाई, मी आणि वस्तीवरच्या चार बायका बसायचो. पाच मिनिटांनी एक जण "पाणी पिऊन येते" म्हणून उठायची आणि घरात जाऊन टीव्हीसमोर उभी राहायची. ती येईना म्हणून दुसरी तिला बोलवायला जायची आणि तीही यायची नाही. अर्ध्या तासात शेडमध्ये सासूबाई आणि फुलं एवढंच उरायचं. मग सासूबाईही सुई गोणपाटात खोचून उठायच्या, बायकांना हाकलायला म्हणून, आणि मालिका संपल्यावर सगळ्या मिळून परत यायच्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकायचा. श्रावण तोंडावर आला होता, त्र्यंबकला माळा जास्त जाणार होत्या, आणि आमच्या माळा काही वेळेवर होत नव्हत्या.

शेवटी एकदा जेवताना सासऱ्यांनी फर्मान काढलं, "टीव्हीचा आवाज शेडात न्या. तोंडं काय बघायची त्यांची? ऐकलं म्हंजे झालं."

आवाज शेडमध्ये न्यायचा कसा, यावर आमच्या घरात चार दिवस चर्चा झाली. एवढी चर्चा माझ्या नोकरीवर झाली असती तर मी देवाला नारळ फोडला असता.

नोकरीचं आधी सांगायला हवं, कारण माझा सगळा राग तिथला होता. मी सिडकोत वाढलेली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. माझ्या रुखवतात लोकरीची बदकं होती, साखरेचं तुळशीवृंदावन होतं आणि त्यांच्या मधोमध, माझ्या हट्टाने ठेवलेली, माझी सोल्डरिंग गन होती. सासरकडच्या एका बाईने ती उचलून, हे केस कुरळे करायचं मशीन का, असं विचारलं होतं. लग्नाआधी मी अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत दिली होती. सर्किट बोर्ड तपासायचं काम. त्यांचं पत्र लग्नानंतर दोन महिन्यांनी माहेरच्या पत्त्यावर आलं. येणार की नाही ते पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

मी पत्र नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "दादांना विचार." दादा म्हणजे माझे सासरे. दादांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घालून माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "बघू." आठ दिवसांनी मी पुन्हा विचारलं. "बघू की." पुन्हा आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "बघू म्हटलं ना पोरी." ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. मला भांडता चांगलं येतं. पण "बघू" म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आतल्या आत धुमसत होते आणि कॅलेंडरची पानं बघत होते.

सासूबाई या विषयावर चकार शब्द काढत नव्हत्या. पण त्या माझ्या बाजूच्या आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या घरात माझी गट्टी जमली होती ती त्यांच्याशीच. दुपारभर आम्ही शेजारी बसायचो, मी कुणाची तरी नक्कल करायचे आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. दादांपुढे त्यांचं चालत नाही म्हणून त्या गप्प आहेत, असं मी धरून चालले होते.

तर आवाज. त्याचे ठेकेदार होते आमचे चुलत सासरे. त्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता आणि लग्नांचा हंगाम संपल्यामुळे एक अँप्लिफायर आणि दोन लाकडी बॉक्स त्यांच्याकडे पडून होते. ते म्हणाले, "वहिनीसाठी शेडात थेटर करून देतो." अँप्लिफायर शेडमध्ये फळीवर ठेवला, बॉक्स वाशांना टांगले, घरापासून शेडपर्यंत अंगणावरून वायर ओढली. दहा पावलांचं अंगण, पण काकांनी ती वायर अशी डौलात ओढली की बघणाऱ्याला वाटावं गावजेवण आहे. एवढं झाल्यावर ते टीव्हीसमोर उभे राहिले आणि त्यांना कळेना की वायरचं हे टोक आता लावायचं कशाला.

काकांना एकच विद्या येत होती. आवाज निघतो तिथे माईक धरायचा. त्यांनी नवरदेवाच्या मामाला भाषणाला देतात तो माईक स्टँडसकट आणून टीव्हीसमोर उभा केला. शेडमध्ये आवाज आला, नाही असं नाही. मालिकेतली बाई बोलायला लागली आणि मध्येच खोकली. आमच्या बायका चपापल्या. नंतर तिने ढेकर दिली. सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपल्याकडचं दिसतंय." टीव्हीसमोरच्या दिवाणावर दादा आडवे झालेले होते आणि मालिकेत त्यांचाही वाटा होता. मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, कोंबडं आरवलं, आणि नेमकं लग्न मोडलं की ठरलं ते कुणाला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काका पक्कड घेऊन आले. टीव्हीचं मागचं झाकण उघडून त्याच्या आतल्या स्पीकरच्या वायरी तोडायच्या आणि त्या इकडे जोडायच्या, असा बेत होता. टीव्ही नवा होता. मी पुढे झाले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "काका, तुम्ही कशाला हात घाण करता, मी लावते. तुम्ही फक्त बघा बरोबर आहे का."

मी टीव्ही कडेला ओढला. मागे धुळीत तीन गोल भोकं होती. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं, आणि वर लिहिलेलं होतं की हे बाहेर नेण्यासाठी आहे. माझं काम तिथेच झालं होतं. त्या लाल-पांढऱ्या भोकांतून आवाज नेला की घरातल्या टीव्हीवरही आवाज राहतो आणि शेडमध्येही जातो. घरात हवा तेवढा मोठा करा, हवा तेवढा बारीक करा, अगदी बंद करा, शेडला फरक पडत नाही. शेडातल्यांना कमी-जास्त करायचा तर अँप्लिफायरचं बटण आहेच. याहून सरळ काही नाही.

टीव्हीच्या पुढच्या बाजूला, बटणांखाली, आणखी एक बारीक भोक होतं. हेडफोनचं. त्यात पिन घातली की आवाज पिनेतून बाहेर जातो आणि टीव्हीचा स्वतःचा स्पीकर मुका होतो. म्हणजे सगळा आवाज शेडला आणि घरात नुसतं चित्र.

मी मागे बघितलं, पुढे बघितलं. दिवाणावर दादा लोडाला टेकून पायावर पाय टाकून बसले होते. दुपारी जेवणापासून पाचपर्यंत ते तिथेच असत आणि टीव्ही मोठ्याने चालू असे. मी सहज विचारावं तसं विचारलं, "दादा, ते पत्राचं काय ठरलं?"

"बघू," दादा म्हणाले.

मी पुढच्या भोकात पिन घातली.

टीव्ही गप झाला आणि शेडमधून बायकांचा एकच गलका आला. आवाज लांब जायचा म्हणून मी टीव्हीचा व्हॉल्यूम वरपर्यंत नेला. दादा उठून बसले. "आन हितला आवाज?"

"इथं नाही येणार दादा. एका वेळी एकाच ठिकाणी येतो. टीव्हीची सिस्टीमच तशी असते."

दादांनी काकांकडे बघितलं. काकांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वीस वर्षं मंडप घातलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही. ते पक्कड खिशात घालत म्हणाले, "हां. कंपनीच तशी देती." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात काय चाललं होतं ते आठवलं की अजून हसू येतं. मालिका संपली की मी आवाज खाली आणून पिन काढून ठेवायचे, म्हणजे रात्रीच्या बातम्या नीट ऐकू येत. पहिला आठवडाभर दादांनी हार मानली नाही. ते मुकी मालिका बघत आणि स्वतःच अर्थ लावत. रात्री जेवायला बसलो की दादा सांगायचे, त्या सासऱ्याने घर सुनेच्या नावावर केलं, कागदावर सही केली, मी डोळ्यांनी बघितली. सासूबाई ताटावरून मान न उचलता म्हणायच्या, "ती सही नव्हती, डाक्टरनं औषध लिवून दिलं." दादा म्हणायचे, मग ती रडत का होती? सासूबाई म्हणायच्या, "हसत होती. मी ऐकलंय." एक जण डोळ्यांची शपथ घ्यायचा, दुसरी कानांची, आणि आम्ही नवराबायको खाली बघून भाकरी मोडायचो. एकदा दादांनी एका माणसाला तुरुंगात पाठवलं, तर तो दिल्लीला नोकरीला गेलेला निघाला.

शेडमध्ये माझी निराळीच चैन होती. बायकांना आवाज होता पण चित्र नव्हतं, आणि बायकांना चित्राशिवाय करमत नाही. "जा गं, बघून ये, साडी कंची नेसलीय." मी घरात पळायचे, बघून यायचे आणि सांगायचे. सुरुवातीला खरं सांगितलं. मग कंटाळा आला. मी त्या खलनायिकेला गावातल्या पतपेढीच्या बाईसारखा अंबाडा घातला, तिच्या नाकात सासूबाईंच्या नथेसारखी नथ घातली, हिरॉईनच्या आईला पायात पुरुषी चपला घातल्या. सासूबाई म्हणायच्या, "माझ्यासारखी नथ? त्या सटवीला?" आणि दोरा दातांनी तोडायच्या. माळा मात्र सहाच्या आत होत होत्या. टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवावा लागत नव्हता. जाहिराती लागल्या की सासूबाई हात लांब करून अँप्लिफायरचं बटण पिळून आवाज बारीक करत आणि तेवढ्यात वस्तीवरच्या गोष्टी होत.

दुसऱ्या आठवड्यात दादांनी नाद सोडला. चार वाजले की ते टोपी घालून पारावर जाऊन बसू लागले. टीव्ही मात्र चालू राही, शेडला आवाज हवा म्हणून. पाठमोरे जाताना ते मला जरा वाकलेले वाटले आणि मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? माझे दिवस जात होते आणि त्यांची दुपार जात होती. मला तो सौदा बरोबर वाटत होता.

महिना संपायला पाच-सहा दिवस उरले होते. त्या दिवशी चारच्या सुमारास मी शेडमधून चहा टाकायला उठले. चुलीवर नाही, गॅसवर, आत. आधण ठेवलं आणि उकळेपर्यंत टीव्हीवर काय चाललंय ते बघायला बैठकीत आले, बायकांना काहीतरी सांगायला हवं म्हणून. तर दादा दिवाणावर. पारावर कुणी नव्हतं म्हणून परत आले होते. आम्ही दोघं त्या मुक्या चित्राकडे बघत राहिलो. साबणाची जाहिरात लागली. शेडमधला आवाज बारीक झाला, आणि त्या शांततेत अंगणापलीकडून एका बाईचा आवाज खिडकीतून असा स्वच्छ आला की जणू ती दारात उभी आहे.

"सून जानार म्हनं कंपनीत?"

"कुठं जाती," सासूबाईंचा आवाज. "हे बघू म्हनत्यात."

"ते तर कालच पारावर म्हनत होते, जाऊ द्यावं म्हनून."

"ते जाऊ देतील. त्यांचं काय जातंय? मीच म्हटलंय त्यांना, हो म्हनू नका, नाय म्हनू नका. बघू बघू करत ऱ्हावा. महिना सरला का आपसूक जाईल ती जागा."

मी दादांकडे बघितलं. दादा टीव्हीतल्या साबणाकडे बघत होते.

"असं का गं?" ती बाई म्हणाली. "लय चांगली पोर हाय."

"चांगली हाय म्हनूनच." मग सासूबाई म्हणाल्या, "ह्या घरात मी आले तवापासून ह्या बापयांत हाय. जेवताना फवारा, झोपताना फवारा. माझ्याशी कुनी बोलायचं? मी शेवंतीशी बोलायची, खरं सांगते. आता कुठं ही आलीय. दुपारची बसती, हसवती. त्या टीव्हीतलं खोटंनाटं सांगती, नथ न फिथ. मला कळत नाय व्हय? पन सांगती तर. ती सकाळी जानार, सांजच्याला येनार ती मेल्यावानी थकून. मग पुन्हा मी न शेवंती."

आत चहाचं आधण उतू जायला लागलं होतं. मला ते ऐकू येत होतं आणि मी हलत नव्हते. पहिल्यांदा मला राग आला, डोळ्यांत पाणी येईल इतका. ज्या बाईला मी माझी समजत होते तिनेच माझी वाट अडवून धरली होती, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. रागाच्या पाठोपाठ लाज आली. तीन आठवडे मी एका निरपराध माणसाचा टीव्ही मुका करून बसले होते.

दादा हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं तिला, तूच सांग पोरीला. तिला जमंना."

शेडमध्ये सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. आणि आपण घरात ऐकलं हे त्यांना कळूही द्यायचं नव्हतं. ते का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी झटकन पुढे झाले आणि हेडफोनची पिन उपटली.

व्हॉल्यूम वरपर्यंत होता हे मी विसरले होते. साबणाची जाहिरात घरात अशी दणाणली की दादा दिवाणावरून उठून उभे राहिले आणि अंगणातली कोंबडी पळाली. शेडमध्ये चिडीचूप झालं. मी बटण दाबून आवाज खाली आणला, धावत आत जाऊन गॅस बंद केला, कपाटातल्या साड्यांखालून एक वीतभर वायर काढली आणि परत आले. तिच्या एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना होत्या आणि दुसऱ्या टोकाला काकांच्या वायरची पिन बसेल असं भोक. ती मी पहिल्याच दिवशी माझ्या गनने तयार करून ठेवली होती, कधीतरी दया आली तर असावी म्हणून. टीव्हीच्या मागे पिना घातल्या. शेडमध्ये मालिका परत बोलायला लागली. आणि घरातही.

दादा बराच वेळ टीव्हीकडे कान देऊन उभे होते. मग म्हणाले, "दोन्हीकडं येतोय."

"हो दादा."

"येत व्हता? पयल्यापासून?"

"हो दादा."

मी मान खाली घातली. आता काय ऐकायला लागेल याची तयारी केली. दादांनी टोपी काढून दिवाणावर ठेवली, लोडाला टेकले, पायावर पाय टाकला आणि म्हणाले, "मीबी बघू बघू करत व्हतोच की. फिटंफाट झाली." आणि मालिका बघायला लागले.

मी चहा गाळून शेडमध्ये नेला. जाताना डोक्यात शंभर वाक्यं तयार होती. पोचेपर्यंत एकही उरलं नाही. सासूबाई मान खाली घालून ओवत होत्या. मी सगळ्यांना कप दिले, त्यांना त्यांचा दिला आणि शेजारी बसून सुईत दोरा घातला. बोटाला सुई टोचली तरी ओवत राहिले. एक बाई म्हणाली, "जा की गं, बघून ये, काय घातलंय तिनं." सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. बसू दे तिला." त्या दिवशी माझ्या माळा इतक्या वाकड्या झाल्या की टेम्पोवाल्याने त्या सगळ्यांत खाली घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शेवंती तोडत होतो. त्यांनी वाफ्यातून मान वर न करता विचारलं, "किती वाजता निघावं लागंल तुला?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? कंपनीत."

"साडेसहाला नाक्यावर बस येते."

"मग डबा पाचाला उठून करावा लागंल," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीत गेल्या.

मी समजले की रात्री दादांनी त्यांची समजूत घातली. दुपारी मी दादांना वाकून नमस्कार केला, "तुमच्यामुळे झालं." दादांनी डोळे मिटून मान डोलावली, मोठ्या माणसाने डोलवावी तशी. मी कामावर रुजू झाले. बोर्ड तपासले, पुढे तपासणाऱ्यांवर नेमले गेले, मध्ये मुलगी झाली, शेड पक्की झाली, वस्तीवरच्या बायका म्हाताऱ्या झाल्या. एवढी सगळी वर्षं मी दादांचे उपकार मानत आले. सणासुदीला पहिला पेढा त्यांना देत आले, आणि तो त्यांनी दरवेळी घेतला.

पुढे कधीतरी, दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटल्यावर, आम्ही भिंतीवर लावायचा चपटा टीव्ही घ्यायला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो. सोबत पाच छोटे स्पीकर आणि एक गुबगुबीत बॉक्स असा सेट घ्यायचा होता. सासूबाई हट्टाने आल्या होत्या. दुकानातला पोरगेला सेल्समन मला समजावत होता, मॅडम, ऑप्टिकल वायर घ्या, तिच्यातून उजेडाने आवाज जातो, की साधी लाल-पांढरी घेताय? घरात कुठे कुठे आवाज हवाय? मी त्याला प्रश्न विचारून बेजार करत होते. सासूबाई टीव्हीच्या कडेकडेने बोटं फिरवत काहीतरी शोधत होत्या.

"आजी, काय बघताय?"

"ते बारीक भोक कुठंय? ज्यात काडी घातली का घरातला आवाज जातो, ते."

मी चमकून बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सेल्समन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला तशी मी हळूच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं? दादांनी?"

"ते काय सांगत्यात. त्यांना आजपातूर इचारलं नाय मी. पुढच्या भोकातली काडी मागं गेलेली मी दुसऱ्या दिवशी बघितली." त्या सोफ्याच्या काठावर बसल्या. "त्या दिवशी मी बोलत व्हते आन घरात टीव्ही एकदम बोंबलला. बोंबलला म्हंजे कुनीतरी टीव्हीपाशी व्हतं, आन तवर घर गप व्हतं. गप व्हतं म्हंजे माझं सगळं घरात जात व्हतं. आन चहा करायला तू गेली व्हतीस."

मी पिन उपटली ती त्यांच्यापासून लपवायला, आणि त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं.

"म्हणजे दादांनी तुमची समजूत घातली नव्हती?"

"त्यांनी? ते मालिका बघून झोपले." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "मी शेडात बसून वाट बघत व्हते. म्हटलं, आता ही येईल आन चार बायकांत माझी काढील. काढायलाच पायजे व्हती. तू आलीस, चहा दिलास, बसलीस. माझ्या कपात साखर जास्त घालतीस, तशीच घातलीस. म्हटलं, हिला मी नाय अडवायची. ही थकून आली तरी माझ्याशी बोलंल."

दुकानात वीस टीव्ही एकदम चालू होते, सगळ्यांचा आवाज बंद केलेला.

"बोलले का मी?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्या एका महिन्याची गोष्ट सोडली तर.

"आठवड्यातनं चारदा," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस म्हनायचीस, उद्या सांगते."